रविवारी रात्री क्रमवारी पुन्हा बिघडली? कॅरमच्या ऑनलाइन रँकिंगचं नेहमीचं दुखणं आणि आम्ही ते कसं काढलं

लक्षण असं आहे. रविवारी सकाळी रँकिंगची गूगल शीट उघडावी तर सगळं जागच्या जागी. दिवसभरात पंधरा-वीस सामने होतात, ज्याचा तो निकाल मोबाइलवरून भरतो, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘आज तिन्ही मॅच मारल्या, तरी पाचवरून सातवर कसा काय?’ मग कोणीतरी शीटमध्ये शिरून आकडा ‘नीट’ करतं. पुढच्या रविवारी तोच मेसेज. पाठवणारा तेवढा बदललेला.

आमचं टोळकं नाशिकच्या सिडकोतलं, पवननगरच्या बाजूचं. चौदा जण, दोन बोर्ड, समाजमंदिराची एक खोली, आणि बोर्डवर पावडर पडायच्या आधी मिसळ. रँकिंगची हौस पोरांची. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीनं २०१७ मध्ये बुद्धिबळात २७०० रेटिंग ओलांडलं, तेव्हापासून इथल्या पोरांच्या तोंडी रेटिंग हा शब्द पक्का बसलाय. ‘काका, कॅरममध्ये माझं किती?’ असं विचारलं गेलं आणि शीट बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच की मी अंबडला एका कारखान्यात हिशेब लिहितो. ज्याला हिशेबाची शीट येते त्याला सगळं कॉम्प्युटर येतं, हा समज काही केल्या जात नाही.

बॅडमिंटन असो, टेबल टेनिस असो, नाहीतर सोसायटीतलं बुद्धिबळ, ओळखीच्या माणसांत खेळून ऑनलाइन क्रमवारी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं कधी ना कधी होतं. म्हणून आमची सगळी शोधाशोध इथे लिहून ठेवतोय.

आधी एक विचारा : नंबर घसरला की रेटिंग?

तक्रार आली की लगेच शीट उघडू नका. तीनही सामने जिंकून नंबर खाली जाणं ही बऱ्याचदा बिघाडाची खूण नसतेच.

आम्ही वापरतो ती पद्धत एलोची. आर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं १९६० मध्ये घेतली, जागतिक संघटनेनं म्हणजे फिडेनं १९७० मध्ये, आणि २०१८ पासून फिफाची पुरुषांची फुटबॉल क्रमवारीही त्याच धर्तीवर निघते. गणित शाळेतल्या घातांकाचं आहे. समोरच्याच्या रेटिंगमधून आपलं वजा करा, ४०० ने भागा, १० चा तेवढा घात घ्या, त्यात १ मिळवा आणि १ ला त्या आकड्यानं भागा. येतो तो आकडा म्हणजे तुमच्याकडून असलेली अपेक्षा. १६०० वाला १४०० वाल्याशी बसला तर त्याच्याकडून अपेक्षा ०.७६ ची. जिंकला तर उरलेले ०.२४ पदरात. आम्ही गुणक ३२ धरतो, म्हणून त्याला मिळतात ७.७ गुण. हरला तर जातात २४.३.

आता बघा. पाचव्या नंबरच्या गड्यानं आपल्यापेक्षा दोनशेनं खाली असलेल्या तिघांना हरवलं आणि २३ गुण कमावले. सातव्या नंबरवाल्यानं वरच्या दोघांना लोळवलं आणि दोन सामन्यांत ४८ नेले. पुढे गेला तो न्यायानं गेला. तक्रार करणाऱ्याचं रेटिंग वाढलेलंच आहे, नंबर घसरला आहे. हे एकदा समजावलं की निम्म्या तक्रारी तिथेच विरतात. आम्ही फळ्यावर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या टॅबवर, नंबरच्या शेजारी ‘या रविवारी अधिक-उणे’ असा रकाना घातला. त्या एका रकान्यानं माझे रात्रीचे फोन कमी केले.

पण सगळे सामने जिंकूनही रेटिंगच उतरलं असेल, तर मात्र शीटमध्ये गडबड आहे. तिथून पुढे वाचा.

मूळ रोग : आकडा पुसून त्यावर आकडा

माझी पहिली शीट अशी होती : एका टॅबवर चौदा नावं आणि पुढे रेटिंग. निकाल आला की दोघांचं नवं रेटिंग काढायचं आणि जुन्याच्या जागी लिहायचं. दिसायला सुटसुटीत. आणि याच्यात चूक सुधारायला जागाच नाही.

घडलेला प्रकार सांगतो. दोघंही १५०० वर. पहिला जिंकला, पण भरणाऱ्यानं घाईत उलटं भरलं. शीटनं हरलेल्याला १५१६ केलं आणि जिंकलेल्याला १४८४. अर्ध्या तासानं लक्षात आलं. आमच्यातल्या एकानं, चांगल्या मनानं, जिंकलेल्याला १६ दिले आणि हरलेल्याचे १६ काढले. दोघंही पुन्हा १५०० वर. सगळे खूश. पण जिंकलेला हवा होता १५१६ वर! उलटा निकाल सुलटा करायचा तर ३२ चा फरक पडतो. आधी चुकीचे १६ परत घ्या, मग बरोबरचे १६ द्या. हिशेबात जमेची रक्कम खर्चाला पडली तर दुपटीनं दुरुस्त करावी लागते, तोच प्रकार. मी वर्षानुवर्षं ऑफिसात ही चूक दुसऱ्यांच्या कागदात पकडतो आणि स्वतःच्या कॅरमच्या शीटमध्ये ती दोन महिने दिसली नाही.

बरं, ३२ ची दुरुस्ती केली तरी भागत नाही. त्या अर्ध्या तासात तो चुकून १५१६ झालेला गडी १५०० वाल्या तिसऱ्याशी खेळून जिंकला होता. १५१६ वरून जिंकल्याचे त्याला १५.३ मिळाले, खऱ्या १४८४ वरून १६.७ मिळायला हवे होते. तिसऱ्याचे तितकेच कमी कापले गेले. तो तिसरा मग चौथ्याशी खेळला. एक चूक अशी दुपारभर बोर्डाभोवती फिरते आणि रात्रीपर्यंत दहा जणांच्या आकड्यांत थोडी थोडी मुरते. हातानं ती कुठून आणि किती काढणार?

उपाय आमच्याच धंद्यातला जुना आहे. कीर्द वेगळी, खतावणी वेगळी. कीर्दीत जे घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहायचं : तारीख, कोण विरुद्ध कोण, कोण जिंकलं, कोणी भरलं. रेटिंगचा एकही आकडा कीर्दीत नाही. रेटिंग ही खतावणी. ती कीर्दीवरून निघते आणि हातानं कधीच लिहायची नाही. निकाल चुकला तर त्या ओळीपुढच्या रकान्यात ‘रद्द’ लिहा, खाली नवी ओळ टाका, तिला खरी तारीख द्या. ओळ पुसायची नाही, खोडायची नाही. मग शीटमागची स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम, पहिल्या सामन्यापासून सगळं नव्यानं मोजते. सगळे १५०० वर, पहिला रविवार, दुसरा रविवार, असं करत आजपर्यंत.

‘दर वेळी सगळं पहिल्यापासून?’ हा प्रश्न येतोच. आमच्या कीर्दीत हजाराच्या वर ओळी आहेत आणि तेवढं गणित कॉम्प्युटरच्या खिजगणतीतही नाही. एक काळजी घ्या. स्क्रिप्टनं सगळी कीर्द एकदाच उचलावी, गणित पोटात करावं आणि खतावणी एकदाच मांडावी. प्रत्येक सामन्याला एकेक खाना वाचत-लिहीत बसलात तर मिनिटं जातात, आणि गूगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टला एका दमात सहा मिनिटांच्या वर चालू देत नाहीत. अर्धवट मोजून थांबलेली खतावणी ही न मोजलेलीपेक्षा वाईट, कारण ती खरी वाटते.

एकाच दिवसातला क्रम

कीर्द केली तरी आमचं एक भांडण उरलं होतं. एलोमध्ये सामन्यांचा क्रम बदलला की आकडे किंचित बदलतात, आणि आमचे लोक निकाल भरतात ते जेवण झाल्यावर, आठवेल तसे. निकाल भरायच्या गूगल फॉर्मवर पडणारी वेळ ही भरल्याची वेळ असते, खेळल्याची नाही. दोन बोर्ड शेजारी शेजारी चालू असताना कोणता सामना आधी संपला हे देवालाही सांगता येणार नाही.

यावर मी फिडेकडून उचललेली युक्ती अशी : अख्खा रविवार हा एकच घास समजायचा. फिडेची यादी दर महिन्याला निघते आणि त्या महिन्यातल्या डावांचं गणित महिन्याच्या सुरुवातीच्या रेटिंगवर होतं. आम्ही महिन्याऐवजी दिवस धरला. सकाळी जे रेटिंग होतं त्यावरच दिवसभरातले सगळे सामने मोजायचे, बेरीज रात्री एकदाच लावायची. क्रमाचा प्रश्नच मिटला.

याचा एक तोटाही आहे. सारख्या रेटिंगचे दोघंच दिवसभर समोरासमोर बसले आणि एकानं दहाही मारले तर त्याला १६० गुण एकदम मिळतात, कारण मधे त्याचं रेटिंग वाढून अपेक्षा वाढत नाही. म्हणून एकाच जोडीचे दिवसातले पहिले तीनच सामने धरतो. बाकीचे हौसेखातर. (ही अट घातली तेव्हा ग्रुपवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

एकच माणूस यादीत दोनदा

हा बिघाड मला सगळ्यात जास्त छळून गेला. फळ्यावर ‘सुऱ्या’ दोनदा दिसायला लागला. एक १५४० चा, एक १४९० चा. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी. पुढे-मागे रिकामी जागा असेल म्हणून ट्रिम लावून बघितलं, फरक पडला नाही. शेवटी नावाची लांबी मोजणारं ‘लेन’ हे फंक्शन लावलं. एका सुऱ्याची लांबी आली ६, दुसऱ्याची ७.

झालं होतं असं की आपला हा अर्धा ऱ लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साधा ‘र’ घेतात, पाय मोडतात आणि मधे एक न दिसणारा जोडखुणेचा कोड घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. शीटला मात्र दोन वेगळी माणसं. अशी नावं मराठीत कमी नाहीत. बाऱ्या, हऱ्या, गोऱ्हे, कऱ्हाडे ही आडनावं, सगळे या सापळ्यात येतात. ‘ज्ञानेश्वर’ कोणी इंग्रजीत लिहिला तर त्याच्या स्पेलिंगचे आणखी चार प्रकार, तो वेगळाच जाच.

नावं साफ करणारे फॉर्म्युले लिहीत बसू नका. मी बसलो होतो, तीन रविवार गेले. नाव टाइप करूच देऊ नका. फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन द्या, आणि खेळाडूंच्या टॅबवर प्रत्येकाला क्रमांक द्या : ०१, ०२, असे. कीर्दीत क्रमांक जातो, नाव फक्त फळ्यावर दिसतं. उद्या सुऱ्यानं ‘सूर्यकांतराव’ लिहायचा हट्ट धरला तरी एका जागी बदललं की झालं.

तारीख डावीकडे चिकटली असेल तर

शीटची लोकेल सेटिंग, म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धतीनं तारखा वाचायच्या ते, अमेरिकेची राहिली असेल तर ०४/०५ म्हणजे आपली ४ मे न होता ५ एप्रिल होते. आणि १३ तारखेपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे शीट त्याला तारीख मानतच नाही, साधा मजकूर समजते. म्हणजे महिन्याच्या १२ पर्यंत चुकीच्या तारखा, नंतर तारखाच नाहीत. कीर्द तारखेनं लावणाऱ्या स्क्रिप्टनं अशात मेमधले सामने एप्रिलच्या आधी मोजले तर नवल नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख खान्यात आपोआप उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. रकान्यावरून नुसती नजर फिरवा. काही ओळी डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की रोग सापडला. फाइल मेनूतल्या सेटिंगमध्ये लोकेल भारत आणि वेळ भारतीय करा. जुन्या ओळी मात्र आपणहून सुधारत नाहीत, त्या हातानं तपासाव्या लागतात.

फॉर्म आला की फॉर्म्युला सरकतो

फॉर्मला जोडलेल्या शीटमध्ये निकाल आला की गूगल नवी ओळ आत घुसवतं. शेजारच्या रकान्यात तुम्ही खालपर्यंत ओढून ठेवलेले फॉर्म्युले त्या नव्या ओळीला मिळत नाहीत, आणि दुसऱ्या टॅबवरून त्या जागेकडे बोट दाखवणारे पत्ते एकेक ओळ खाली सरकतात. परिणाम असा की नेमका ताजा सामना हिशेबातून गळतो. ‘मी जिंकलो ते दिसत नाही’ या तक्रारीचं हे हमखास कारण. फॉर्मच्या टॅबला हातच लावू नका. तो कच्चा माल आहे. गणित दुसऱ्या टॅबवर, अ‍ॅरे फॉर्म्युल्यानं अख्खा रकाना एकदम उचलून, नाहीतर स्क्रिप्टनं.

जाता जाता आणखी दोन. यादीत नाव शोधून त्याच्यापुढचा आकडा आणणाऱ्या व्हीलुकअपमध्ये चौथी अट ‘फॉल्स’ लिहिली नाही तर ते अचूक नाव न शोधता जवळपासचं उचलतं, आणि तुमची यादी क्रमानं लावलेली नसेल तर भलत्याचंच रेटिंग आणून देतं. तक्रार न करता. दुसरं, फळा कोणी स्वतःच्या मोबाइलवर ‘रेटिंगप्रमाणे लावून’ बघितला तर तो सगळ्यांसाठीच हलतो. फळ्याला प्रोटेक्ट लावा, ज्याला वेगळं बघायचं त्यानं फिल्टर व्ह्यू वापरावा.

दोनदा दाबलं की सामना दोन

समाजमंदिरात रेंज अशी तशीच. बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, पुन्हा दाबलं. एका सामन्याच्या दोन ओळी. मी आधी स्क्रिप्टला सांगितलं होतं की तीच जोडी, तोच विजेता दिसला की दुसरी ओळ उडव. मग खरोखरच लागोपाठ दोनदा जिंकणारे बोंबलायला लागले. आता नियम वेगळा आहे. पाच मिनिटांच्या आत तसाच निकाल पुन्हा आला तर ओळ पिवळी होते, उडत नाही. पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा पूर्ण गेम पाच मिनिटांत संपत नसतो, म्हणून पिवळी ओळ बहुतेकदा डबलच असते. पण ‘रद्द’ माणसानंच लिहायचं.

दोघांनी एकाच क्षणी निकाल पाठवले तर दोन स्क्रिप्ट एकाच वेळी खतावणी लिहायला धावतात आणि अर्धं याचं, अर्धं त्याचं असं कडबोळं होतं. त्यासाठी अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये लॉक सर्व्हिस आहे : एक आत असेल तर दुसऱ्यानं दाराशी थांबायचं. आणि स्क्रिप्ट आपोआप चालू करणारा ट्रिगर ज्याच्या खात्यातून लावलाय त्याच्या नावानं चालतो. आमचा लावला होता माझ्या भाच्यानं. तो नोकरीला पुण्याला गेला, ते खातं बंद केलं, आणि इकडे तीन आठवडे फळा गोठलेला. लोक म्हणाले, पहिल्यांदाच क्रमवारी स्थिर झाली.

तेरीज

गोदावरीला पूर आला की नाशिककर धरणातून किती पाणी सोडलं ते नंतर विचारतो. आधी विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? शीटलाही असा एक मारुती हवा.

सगळ्यांना गुणक एकच असेल तर एलोमध्ये एकाला मिळतं तेवढंच दुसऱ्याचं जातं. म्हणजे सगळ्यांच्या रेटिंगची बेरीज कायम खेळाडूंची संख्या गुणिले १५००. आमची चौदा जणांची २१,०००. फळ्याच्या डोक्यावर ही बेरीज ताडून बघणारा एक खाना ठेवलाय, तीच आमची तेरीज. बेरीज जुळली की हिरवा, अर्ध्या गुणानं हलली तरी लाल. कोणी हातानं आकडा बदलला, एकच खेळाडू दोनदा मोजला गेला, फॉर्म्युला सरकला, लाल होतो. दशांश कापू नका; मधे गोळाबेरीज केलीत तर काही महिन्यांत तेरीज आपोआपच जुळेनाशी होते. दाखवताना फक्त पूर्णांक दाखवा, आणि नंबरही दाखवलेल्या पूर्णांकावरच काढा. नाहीतर दोघं १५२३ वर दिसतात, एक चौथा, एक पाचवा, आणि ग्रुप पेटतो.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं मात्र हिशेबनीस कधी म्हणत नाही. निकाल उलटा भरला तरी बेरीज २१,००० च राहते, कारण चुकीच्या माणसाला का होईना, तेवढेच गेले आणि आले. ती चूक गणितानं सापडत नाही. त्यासाठी आम्ही हरलेल्यानंच निकाल भरायचा असं ठरवलं. जिंकलेला माणूस निकाल विसरतो, उलटा भरतो, दोनदा भरतो. हरलेला एकदाच आणि नीट भरतो. का, ते माहीत नाही, पण हा नियम लागल्यापासून उलटे निकाल जवळजवळ बंद झाले.

जे शीटचं दुखणं नाही

पहिला नंबर मिळवून घरी बसणारे. आमच्या डेअरीवाल्या काकांनी १६२० वर पोचल्यावर गुडघा दुखतो म्हणून खेळणं सोडलं आणि पहिला नंबर मात्र सोडेनात. काहींनी सुचवलं, दर आठवड्याला दहा गुण कापा. मला ते पटलं नाही. न खेळल्यानं हात बसतो की बिघडतो हे खेळल्याशिवाय कळत नाही. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये काढलेल्या ग्लिको पद्धतीत हेच धरलंय : माणूस खेळला नाही तर रेटिंग तसंच राहतं, त्या रेटिंगबद्दलची खात्री तेवढी कमी होते. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तिचीच सुधारलेली आवृत्ती आहे, तिथे पुरेशी खात्री नसलेल्या रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसतं. चौदा जणांना ग्लिकोचं गणित म्हणजे मुंगीला पालखी. आम्ही एवढंच केलं : आठ आठवड्यांत एकही सामना नसेल तर नाव फळ्यावरून खाली, रेटिंग खतावणीत जसंच्या तसं. काका पुढच्याच रविवारी गुडघ्याला पट्टा बांधून हजर.

सुट्टीत येणारे पाहुणे खेळाडू हा दुसरा घोळ. १५०० वर येतात, पाच सामने हरतात, साठ-सत्तर गुण इथल्यांच्या खिशात टाकून परत जातात. असं चार सुट्ट्यांत झालं की सगळेच फुगतात. फिडेला याच्या उलट त्रास झाला होता, खालची रेटिंग उतरत चालली होती. त्यांनी मार्च २०२४ मध्ये २००० च्या खालच्यांना एकदाच वाढीव गुण देऊन सगळ्यात खालची पायरी १००० वरून १४०० वर नेली. आम्ही दहा सामने होईपर्यंत नाव फळ्यावर घेत नाही, आणि दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडतो : ज्याचं १५०० पासून जेवढं अंतर, त्याचं निम्मं. १७०० चा १६०० वर, १३८० चा १४४० वर. क्रम तोच राहतो, फुगवटा निम्म्यानं उतरतो आणि खाली अडकलेल्यांना जरा हुरूप येतो. गावी परतलेल्यांना तेरजेतून काढायचं तेही त्याच दिवशी, आणि बेरीज नव्यानं मांडायची.

फरकाचे गुण? दोन आठवडे करून पाहिलं. २५-३ जिंकलं तर जास्त, २५-२४ ला कमी. लगेच एका गृहस्थानं आठ वर्षांच्या पोराला २५-० हरवलं आणि वर राणीही कव्हर केली. शिवाय बावीसवर पोचलेल्याला राणीचे तीन गुण मिळत नाहीत हा नियम निम्म्यांना माहीतच नव्हता, त्यामुळे स्कोअरवरूनच वाद. आता फक्त कोण जिंकलं तेवढं लिहितो. डबल्सची कीर्द वेगळी. जोडीच्या रेटिंगची सरासरी धरायची आणि दोघांना सारखे गुण द्यायचे. त्यात चांगल्या जोडीदाराच्या जिवावर वर जाणारे दोघं-तिघं आहेत, ते मला दिसतं, पण तिथे मी हात टेकलेत.

जुने सामनेच नसतील तर

हे वाचून कीर्द सुरू करायची म्हणाल तर पहिली अडचण हीच येईल. जुन्या शीटमध्ये फक्त रेटिंग आहेत, सामने नाहीत. दोन वाटा आहेत. आजची रेटिंग आरंभीची शिल्लक म्हणून घ्या आणि पुढे चालू पडा, चुका सकट. किंवा सामने उकरा. शीटच्या व्हर्जन हिस्ट्रीत कोणत्या दिवशी कोणाचा आकडा हलला ते दिसतं, त्यावरून बरंच जुळवता येतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘जिंकलो’ शोधलं तर त्याहून जास्त सापडतं. ‘हरलो’ शोधून आम्हाला काही मिळालं नाही. फळ्याचे, बोर्डाचे फोटो असतात, त्यांवर तारीख असते.

सगळ्यात उपयोगी पडली ती एका वहिनींची वही. त्यांनी पहिल्या दिवसापासूनचे स्वतःचे सामने किराण्याच्या यादीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवले होते, तारखेनिशी. त्यातले एक सोडून सगळे कुठे ना कुठे जुळले. तो एक ना ग्रुपवर होता, ना शीटच्या हिस्ट्रीत. समोर डेअरीवाले काका होते, तेव्हा दोनशेनं वर, आणि ते म्हणाले, ‘मला बुवा आठवत नाही.’ दोघांनी मान्य केल्याशिवाय ओळ नाही हे माझंच तत्त्व, म्हणून ती भरली नाही. त्या चोवीस गुणांचा विषय अजूनही निघतो, नेमका माझा स्ट्रायकर रेषेवर असताना.